पिकअपच्या पाठीवरची अक्षरं

ॲन आर्बरहून शिकागोला निघालं, की आय-९४ महामार्गावर दीडेक तासात कॅलामझू लागतं. एरवी आपण तिथे गाडीत गॅस भरतो, कॉफी घेतो आणि पुढे जातो. गेल्या ऑक्टोबरात मात्र मी मुद्दाम गावात वळले आणि पार्सन्स स्ट्रीटवरच्या एका जुन्या विटांच्या कारखान्यासमोर गाडी उभी केली. त्याच्या उंच धुराड्यावर ‘गिब्सन’ अशी अक्षरं आहेत. १९१७ पासून १९८४ पर्यंत गिब्सन कंपनीच्या गिटारी या इमारतीत बनत होत्या. कंपनी नॅशव्हिलला गेली. ज्यांना गाव सोडायचं नव्हतं अशा काही कारागिरांनी १९८५ मध्ये त्याच इमारतीत ‘हेरिटेज’ या नावाने पुन्हा गिटारी बनवायला सुरुवात केली.

मी तिथे वळले त्याचं कारण घरी दह्याच्या रिकाम्या डब्यात पडलेला एक मेलेला पिकअप.

पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी, गाव सोडून चाललेल्या एका विद्यार्थ्याकडून मी एक जुनी इलेक्ट्रिक गिटार घेतली होती. तिच्या तीन पिकअपपैकी एकाने दोन वर्षांपूर्वी आवाज टाकला. मल्टीमीटर लावला तर आकडाच येईना, म्हणजे आतली तार कुठेतरी तुटलेली. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून मी गिटार उघडली. आत पाहते तर कुणाच्या तरी ओबडधोबड सोल्डरिंगचे गोळे आणि पेन्सिलने काढलेला एक बाण. माझ्या आधीही कुणीतरी इथे हात घालून गेलं होतं.

पिकअप म्हणजे काय, हे आपल्याकडे समजावून सांगणं सोपं आहे. मामाच्या विहिरीवरची मोटार जळली, की ती मोटारसायकलवर बांधून तालुक्याला ‘रिवायंडिंग’ला जायची. दुकानात काळ्या हातांचा माणूस जळकी तार उपसून काढायचा आणि नवी तार वेढे मोजत भरायचा. गिटारचा पिकअप हे त्याच कामाचं अगदी नाजूक रूप. एक चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. ही तार सुमारे ०.०६ मिलिमीटर जाडीची, म्हणजे केसासारखी. वरून जाणारी गिटारची पोलादी तार चुंबकामुळे स्वतःही किंचित चुंबकीय होते. ती थरथरली की वेटोळ्यातलं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि फॅरडेच्या नियमानुसार वेटोळ्यात वीज निर्माण होते. मल्टीमीटरवर सहा हजार ओहम दिसले, तर समजावं की त्या बोटभर वस्तूत साधारण एक किलोमीटर तार गुंडाळलेली आहे.

वेढे वाढवले की आवाज मोठा होतो, पण त्यातली धार कमी होते. चुंबक बदलला की स्वभाव बदलतो. वेढे एकमेकांवर अगदी शिस्तीत बसले की थोडे अस्ताव्यस्त, यानेही फरक पडतो. म्हणजे गिटारच्या आवाजाचा बराचसा भाग तार गुंडाळणाऱ्याच्या हातात असतो. हा हात कुणाचा होता, हे शोधता शोधता मी या इतिहासात शिरले.

सुरुवात झाली ती आवाज पुरत नव्हता म्हणून. १९२०-३० च्या दशकांत नृत्यासाठी वाजणारे वाद्यवृंद मोठे झाले, ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या गर्दीत गिटार ऐकूच येईना. लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज बोशँप हा वादक आणि अडॉल्फ रिकनबॅकर हा कारखानदार यांनी १९३१ मध्ये एक विद्युत गिटार तयार केली. तिचं गोल अंग आणि लांब दांडा पाहून लोक तिला ‘फ्राइंग पॅन’, म्हणजे तळणीचा तवा, म्हणू लागले. ती मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन गिटार होती. तिच्या तारांभोवती घोड्याच्या नालेच्या आकाराचे दोन चुंबक होते. पेटंटसाठी १९३४ मध्ये अर्ज केला, तर पेटंट कार्यालयाला हे यंत्र चालतं यावरच शंका. शेवटी तिथे वादक पाठवून गिटार वाजवून दाखवावी लागली. पेटंट हाती यायला १९३७ उजाडलं आणि तोवर इतर कंपन्यांनीही विद्युत गिटारी बाजारात आणल्या होत्या. गिब्सनची ईएस-१५० ही गिटार १९३६ मधली. तीच वाजवत चार्ली ख्रिश्चन १९३९ मध्ये बेनी गुडमनच्या वाद्यवृंदात आला. अवघ्या २५ व्या वर्षी, १९४२ मध्ये, तो गेला, पण तेवढ्यात त्याने गिटारला ताल धरणाऱ्यांच्या रांगेतून उठवून एकल वादकांच्या जागी बसवलं होतं.

ज्यांना नवी विद्युत गिटार परवडत नव्हती त्यांनी काय केलं? ओहायो राज्यातल्या टोलिडोमध्ये हॅरी डीआर्मंडने साध्या गिटारला वरून जोडता येतील असे पिकअप काढले. लाकूड कापायचं नाही, भोक पाडायचं नाही, हवं तेव्हा लावा, हवं तेव्हा काढा. म्हणजे आपल्या गिटारचा आवाज आपणच बदलावा ही इच्छा विद्युत गिटारच्या जवळजवळ बरोबरीनेच जन्मली.

पुढचं मोठं पाऊल ज्याने टाकलं त्याला गिटार वाजवताच येत नव्हती. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये लिओ फेंडरचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्याने १९५० मध्ये भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली, जी पुढच्या वर्षी टेलिकास्टर या नावाने ओळखली जाऊ लागली, आणि १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर. दोन्हींवर दुरुस्ती करणाऱ्या माणसाची छाप आहे. मान चार स्क्रूंनी बसवलेली; वाकडी झाली तर काढा, दुसरी लावा. स्ट्रॅटोकास्टरचे तिन्ही पिकअप, बटणं आणि वायरी एकाच पट्टीला लटकवलेल्या. काही स्क्रू काढले की सगळं पोट हातात. फेंडरने हे कारखान्यात काम पटापट व्हावं आणि दुरुस्ती सोपी जावी म्हणून केलं. पण जी वस्तू सहज दुरुस्त होते ती सहज बदलताही येते. पुढच्या पन्नास वर्षांच्या खटाटोपाचं दार या स्क्रूंनी उघडून ठेवलं.

स्ट्रॅटोकास्टरच्या स्विचला तीन जागा होत्या. वादकांच्या लक्षात आलं, की तो दोन जागांच्या मधोमध अलगद टेकवला तर दोन पिकअप एकत्र वाजतात आणि एक वेगळाच, किंचित नाकातला, गोड आवाज येतो. ही युक्ती वर्षानुवर्षं चालली. कंपनीने पाच जागांचा स्विच बसवला तो १९७७ मध्ये, म्हणजे गिटार निघाल्यावर २३ वर्षांनी. वाजवणारे पुढे, बनवणारे मागे, हे या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसतं.

एका वेटोळ्याच्या पिकअपची एक खोड आहे. ते गिटारच्या तारेसोबत भिंतीतल्या विजेचीही कंपनं टिपतं. पुण्यात वीज ५० हर्ट्झची, इथे ६० ची. पेटीच्या भाषेत सांगायचं तर तिकडची गुणगुण साधारण पांढरी पाचला लागते आणि इकडची काळी पाच आणि पांढरी सात यांच्यामध्ये कुठेतरी लटकते. इथे आल्यावर पहिल्यांदा ॲम्प्लिफायर सुरू केला तेव्हा ‘आवाज तोच, पण स्वर चढलाय’ असं वाटलं होतं. कारण नंतर कळलं.

ही गुणगुण घालवण्याचं काम कॅलामझूमध्ये गिब्सनच्या सेथ लव्हर या रेडिओ-तंत्रज्ञाकडे आलं. ॲम्प्लिफायरमधला गोंगाट कमी करण्यासाठी वापरलेली एक कल्पना त्याने पिकअपला लावली. शेजारी शेजारी दोन वेटोळी ठेवायची, एकातला चुंबकाचा ध्रुव दुसऱ्याच्या उलट आणि वेढ्यांची दिशाही उलट. गिटारच्या तारेचा आवाज दोन्हींत मिळून दुप्पट होतो. बाहेरून आलेली गुणगुण मात्र एकीत अधिक, दुसरीत उणे होऊन जाते. लव्हरने २२ जून १९५५ रोजी पेटंटसाठी अर्ज केला. १९५७ पासून हे पिकअप गिटारींवर बसू लागले. त्यांना ‘हंबकर’ म्हणतात. पेटंट मिळालं जुलै १९५९ मध्ये.

मधल्या काळात प्रत्येक पिकअपच्या पाठीवर ‘पेटंट अप्लाइड फॉर’ अशी बारीक पट्टी चिकटवलेली असे. पेटंट मिळाल्यावरही ती काही वर्षं तशीच राहिली. पुढे क्रमांकाची पट्टी आली, पण तिच्यावर छापलेला क्रमांक हंबकरचा नव्हताच. तो लेस पॉलच्या नावावर असलेल्या, तारा अडकवण्याच्या एका भागाच्या पेटंटचा होता. नजरचुकीने की स्पर्धकांना चकवण्यासाठी, यावर आजही वाद रंगतात.

‘पेटंट अप्लाइड फॉर’ची आद्याक्षरं घेऊन त्या पिकअपना आज ‘पीएएफ’ म्हणतात आणि त्यांच्या एका जोडीला मिळणाऱ्या किमतीत चांगली नवी गिटार येते. पण ती पट्टी पिकअपच्या पाठीवर असते. गिटार उघडून पिकअप उलटा केल्याशिवाय दिसतच नाही. म्हणजे हे नाव ठेवलं ते स्क्रू काढणाऱ्यांनी.

आणि त्यांना आत काय दिसलं? एकसारखेपणा दिसला नाही. कॅलामझूच्या वेटोळी भरणाऱ्या यंत्रांना ठरावीक वेढ्यांवर आपोआप थांबण्याची सोय त्या काळात नव्हती. एका वेटोळ्यात पाच हजार वेढे अपेक्षित. कामगाराने थांबवलं तिथे थांबले. चुंबकही हाती येईल त्या प्रतीचा. त्यामुळे एक पीएएफ सात हजार ओहमचा, दुसरा नऊ हजारांच्या जवळ. ज्या ‘मूळ’ आवाजाच्या मागे लोक आज लाखो रुपये घालतात, तो आवाज ठरवून केलेला नव्हता. कुणाचं लक्ष जरा दुसरीकडे गेलं, पाळी संपत आली, म्हणून तो तसा झाला.

फेंडरच्या कारखान्यातही तेच. तिथे पिकअप गुंडाळणाऱ्या आणि वायरी जोडणाऱ्या बहुतेक स्त्रिया होत्या, त्यातल्या कितीतरी मेक्सिकन वंशाच्या. पन्नाशीतल्या दशकातली स्ट्रॅटोकास्टर उघडली, तर खोबणीत कधी मास्किंग टेपचा तुकडा सापडतो. त्यावर ‘मेरी’ किंवा ‘ग्लोरिया’ आणि तारीख. मानेच्या टोकाला ‘टीजी’ दिसलं तर ती तादेओ गोमेझची. साठीच्या दशकातल्या पिकअपच्या पाठीवर ‘एवाय’ दिसलं तर अबिगेल इबारा. इबाराबाई १९५६ मध्ये फेंडरमध्ये लागल्या आणि २०१३ मध्ये निवृत्त झाल्या. ५७ वर्षं. सही कौतुकासाठी नव्हती. वस्तू बिघडली तर कुणाच्या हातची हे कळावं, एवढाच हेतू. तीस-चाळीस वर्षांनी गिटारी उघडून पाहणाऱ्यांनी ती अक्षरं वाचली, जुळवली, आणि एका कामगार बाईचं नाव वादकांच्या तोंडी आलं. मग कंपनीनेही त्यांच्या हातचे पिकअप त्यांच्या नावानिशी विकले.

इथे मी थोडी अडखळते. जुन्या गिटारींचे संग्राहक म्हणतात, साठी-सत्तरीतल्या पोरांनी उत्तम वाद्यांची नासधूस केली. ते खोटं नाही. १९५८ ते १९६० मधल्या सनबर्स्ट रंगाच्या लेस पॉल गिटारींना आज काही लाख डॉलर पडतात, आणि त्यांतल्या कितीतरींचे पिकअप कुणीतरी काढले, झाकणं फेकली, लाकूड कोरलं. पण उघडलंच नसतं, तर ‘पीएएफ’ कळलं नसतं आणि इबाराबाईही कळल्या नसत्या. ज्या हातांनी मूळपण मोडलं त्याच हातांनी ते शोधून काढलं.

सत्तरीच्या दशकात या हातांना धंदा मिळाला. फेंडर कंपनी १९६५ मध्ये सीबीएसने १ कोटी ३० लाख डॉलरला विकत घेतली होती. गिब्सनचीही मालकी १९६९ मध्ये बदलली. नव्या गिटारी जुन्यांसारख्या वाजत नाहीत ही तक्रार वाढत गेली. दुसरीकडे रॉकचा आवाज दिवसेंदिवस दणकट होत होता. न्यूयॉर्कमध्ये गिटारी दुरुस्त करणाऱ्या लॅरी डिमार्झिओने १९७२ च्या सुमारास ‘सुपर डिस्टॉर्शन’ नावाचा पिकअप काढला. सिरॅमिकचा चुंबक, भरपूर वेढे, ॲम्प्लिफायरला फाटेपर्यंत ढकलेल इतका जोर. मुख्य म्हणजे तो गिब्सनच्या जुन्या पिकअपच्या जागी जसाच्या तसा बसत असे. गिटार बनवणाऱ्या कंपनीला न विचारता तिचा गळा बदलण्याची सोय आता दुकानात मिळू लागली.

दुसरा माणूस सेमूर डंकन, न्यू जर्सीचा. पोरवयात त्याने गिटार मित्राला दिली, ती पिकअप बिघडून परत आली. त्याने तार उसवली आणि रेकॉर्ड प्लेअरच्या फिरत्या तबकडीवर पिकअप ठेवून पुन्हा गुंडाळली. मामाच्या मोटारीचा तो तालुक्याचा कारागीर त्याला बघून हसला असता, पण पद्धत त्याची त्यालाही पटली असती. पुढे लंडनमध्ये काम करताना डंकनने एका जुन्या टेलिकास्टरमध्ये मोडक्या गिब्सन गिटारचे पीएएफ बसवले आणि ती जेफ बेकला दिली. बेकच्या १९७५ च्या ‘ब्लो बाय ब्लो’ या ध्वनिमुद्रिकेत ती ऐकू येते. डंकनने १९७६ मध्ये कॅथी कार्टर डंकनबरोबर सांता बार्बराला कंपनी काढली. निवृत्त सेथ लव्हरला सोबत घेऊन त्याने पुढे जुन्या हंबकरची नवी आवृत्तीही केली. त्याच कंपनीत मारिसेला हुआरेझ यांनी अनेक दशकं खास मागणीचे पिकअप गुंडाळले. या खेपेला मात्र गुंडाळणाऱ्या बाईचं नाव पहिल्यापासून माहीत होतं.

अटलांटिकच्या पलीकडेही हेच चाललं होतं. ब्रायन मे या शाळकरी मुलाला फेंडर परवडत नव्हती, म्हणून १९६३ मध्ये त्याने वडिलांबरोबर घरीच गिटार बनवायला घेतली. लाकूड जुन्या शेकोटीच्या चौकटीचं, स्प्रिंगा मोटारसायकलच्या इंजिनातल्या. पिकअपही त्याने घरी केले, पण तार ओढून स्वर चढवताना त्यांचा आवाज बिघडे. शेवटी बर्न्स कंपनीचे पिकअप आणून बसवले, आणि प्रत्येकाला चालू-बंद व उलट-सुलट करायचे वेगळे स्विच दिले. ती गिटार क्वीनच्या प्रत्येक मोठ्या मंचावर वाजली. पाचगणीच्या शाळेत पियानोवर बोटं बसवलेला फ्रेडी मर्क्युरी तिच्याच शेजारी उभा राहून गायला. (मे यांनी अर्धवट सोडलेला खगोलभौतिकीचा प्रबंध २००७ मध्ये पूर्ण केला. आमच्या प्रयोगशाळेत उशीर झालेल्या प्रत्येकाला हे उदाहरण सांगितलं जातं.)

या साऱ्यात सर्वांत गाजली ती एडी व्हॅन हेलनची गिटार. हे कुटुंब १९६२ मध्ये नेदरलँड्समधून कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीनाला आलं. आई इंडोनेशियात जन्मलेली, मिश्र वंशाची; वडील वादक, इथे येऊन मिळेल ते काम करणारे. एडीला गिब्सनचा आवाज हवा होता आणि फेंडरचा आकार. त्याने ५० डॉलरचं सदोष म्हणून स्वस्तात मिळालेलं अंग आणि ८० डॉलरची मान आणली, आपल्या गिब्सनमधला पीएएफ काढला आणि लाकूड कोरून त्यात बसवला. मोठ्या आवाजात पिकअप शिट्टी मारतो, कारण आतले वेढे स्वतःच थरथरतात. म्हणून त्याने पिकअप वितळलेल्या मेणात बुडवले. या प्रयोगात काही पिकअप वायाही गेले. वायरींची मूळ जोडणी आठवेना, तेव्हा सगळी बटणं काढून एकच ठेवलं, आवाज कमी-जास्त करायचं. त्यावर टोपण मात्र ‘टोन’ लिहिलेलं. १९७८ ची पहिली ध्वनिमुद्रिका या गिटारवर झाली आणि त्यानंतर कारखान्यांनी तिच्यासारख्या गिटारी बनवायला घेतल्या. स्मिथसोनियनच्या अमेरिकन इतिहास संग्रहालयाने २०१५ मध्ये एडीला बोलावलं ते अमेरिकन असणं म्हणजे काय, या विषयावर बोलायला.

त्या गिटारमधलं ‘मूळ’ काय? अंग सुटं घेतलेलं, मान सुटी घेतलेली, गळा दुसऱ्याच गिटारचा. तरीही ती अस्सल नाही असं म्हणायची कुणाची हिंमत नाही. आमच्यासारखी दोन-तीन देशांचे सुटे भाग जोडून उभी राहिलेली माणसं याच्याकडे जरा ओढीने बघतात हे खरं. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते त्या मास्किंग टेपचं. काय बदललं, कुणी बदललं, कधी, हे आत लिहिलेलं असेल तर बदल हा इतिहास होतो. नाहीतर मागे राहतो फक्त सोल्डरिंगचा गोळा.

पार्सन्स स्ट्रीटवर मी अर्धा तास होते. दुसऱ्या महायुद्धात पुरुष सैन्यात गेले तेव्हा याच इमारतीत प्रामुख्याने बायकांनी गिटारी बनवल्या होत्या. धुराड्यावर नाव मात्र एकच.

घरी आल्यावर मी गिटार पुन्हा उघडली. नवा पिकअप नीट चालत होता. त्याला काही करायचं नव्हतं. आतल्या खोबणीत टेपचा एक तुकडा चिकटवला, त्यावर माझी आद्याक्षरं, तारीख आणि ‘मधला पिकअप बदलला, जुना जपून ठेवलाय’ एवढं लिहिलं. मराठीत लिहिलं. पुढच्या मालकाला वाचता येईलच असं नाही. पण पेन्सिलचा तो बाण तरी मला कुठे कळला होता? कुणीतरी इथे होतं, एवढं मात्र त्याने नक्की सांगितलं होतं.

जुना पिकअप अजून दह्याच्या डब्यातच आहे. गिटार कुणाला दिली, की डबाही सोबत द्यायचा आहे.